उजागरे मास्तर आणि टोकाचं घर

मिशनच्या आवारात आम्हां शिक्षकांच्या खोल्या एका रांगेत होत्या, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारी भाकरी थापली तरी आपल्याकडे कळायचं. माझ्या खोलीला लागून उजागरे मास्तरांची खोली. त्यांच्याकडून भाकरीपेक्षा खाट ओढल्याचाच आवाज जास्त यायचा. आज खाट खिडकीखाली, परवा दारासमोर, चार दिवसांनी पुन्हा खिडकीखाली. माझ्याकडे आलेला पाहुणा विचारायचा, शेजारी बिऱ्हाड हलवताहेत का? मी म्हणायची, नाही हो, मास्तर बायकोसाठी वारा शोधताहेत.

कृपादान उजागरे हे त्यांचं पूर्ण नाव. मुलांच्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. उंच, काटकुळे, लेंग्यावर कायम एकच काळा कोट. बोलता बोलता उठायचे, उठून दाराशी जायचे, तिथून वाक्य पुरं करायचे. त्यांची बायको दीनाबाई नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यातली, ठेंगणी, कमी बोलणारी. तिला दमा होता. चुलीला फुंकर घातली की छाती भरून यायची, आणि मग तासन्‌तास ती खाटेवर पुढे वाकून बसलेली असायची. मूलबाळ नव्हतं. मास्तरांचा सगळा जीव त्या बाईच्या छातीत अडकलेला.

"माझी आई अशीच चुलीपुढं गेली, मार्थाबाई," एकदा त्यांनी मला सांगितलं. "फुंकणी हातातच होती. ही तशी जायला नको." एवढं बोलून ते निघून गेले. मला काही म्हणायला सवडच दिली नाही.

मी मार्था पाटोळे. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्याला मी तेव्हाही उत्तर देत नसे, आताही देत नाही. माझा तिरसटपणा पुढे दिसणारच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमच्या खोल्यांची एक गंमत होती. नोकरी आहे तोवर खोली. नोकरी संपली की पेटी उचलायची आणि चालू लागायचं. म्हातारपणी जायचं कुठे हा प्रश्न सगळ्यांच्याच पोटात होता, पण तो तोंडावर आणला उजागरे मास्तरांनी. सत्तर सालचा उन्हाळा असेल. आपण सगळे मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढू, शहराबाहेर सावेडीच्या माळावर जागा घेऊ आणि बारा घरांची रांग बांधू, असं त्यांनी मांडलं. त्या काळी सावेडीला बाभळी आणि धूळ याशिवाय काही नव्हतं. मिशनच्या दवाखान्यातले कंपाउंडर शमुवेल लोखंडे म्हणाले, "मास्तर, तिथं कोल्हे राहतात." मास्तर म्हणाले, "त्यांनाही सभासद करून घेऊ, पण आधी जागा तर घेऊ." संस्था झाली. मास्तर अध्यक्ष, शमुवेल सेक्रेटरी.

पहिल्याच सभेत माझ्यावरून अडलं. मास्तरांचं म्हणणं, एकट्या बाईला अख्खं घर कशाला? कुणा नातेवाइकाकडे राहतील. मी उठले आणि म्हटलं, "मास्तर, तुम्ही दोघं आहात आणि तुम्हाला एक घर. म्हणजे माणशी अर्धं झालं. मीही अर्धंच बांधून घेते. भिंत कुठे घालायची तेवढं दाखवा." लोक हसले. शमुवेल सगळ्यांत जास्त हसले आणि हसता हसता त्यांनी यादीत माझं नाव घालून टाकलं. मास्तर काही हसले नाहीत. पण माणूस डूख धरणारा नव्हता. काम सुरू झालं त्या दिवशी पहिलं घमेलं त्यांनीच माझ्या हातात दिलं.

कामाची रीतही त्यांचीच. पुंजाराम नावाचा एक गवंडी मजुरीवर ठेवला होता, बाकी सगळं आम्ही करायचं. दर शनिवारी दुपारी बाराही घरची माणसं माळावर हजर. रविवारी मात्र कुणी विटेला हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे कोणतं घर कुणाचं हे बांधून होईपर्यंत कुणालाच कळणार नाही. सगळं पुरं झालं की चिठ्ठ्या टाकायच्या. "कुठलंही घर आपलं असू शकतं म्हटल्यावर कुणी कुठल्याच भिंतीत लबाडी करणार नाही," असं मास्तर म्हणाले. त्याला जोडून दुसरा नियम त्यांनीच घातला, की निघालेल्या चिठ्ठीत अदलाबदल नाही. अदलाबदल आली की वशिला आला आणि वशिला आला की संस्था गेली, हे त्यांनी सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. प्यायला पाण्याची मारामार, आणि भिंतींना पाणी मारल्याशिवाय सिमेंट धरत नाही. माळाच्या कडेने दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या ओळी बसलेल्या, आणि आमची घरं कमरेएवढी येऊन थांबलेली. मास्तरांना चैन पडेना. ते रोज संध्याकाळी माळावर जाऊन कोरड्या भिंतींवरून हात फिरवून यायचे. शेवटी त्यांनीच तोड काढली. बाराही घरांनी अंघोळ घंगाळात बसून करायची. ते पाणी, कपडे पिळलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं पिंपात साठवायचं आणि हातगाडीवरून माळावर न्यायचं. आमच्या वसाहतीच्या भिंती आमच्या अंघोळीच्या पाण्यावर उभ्या आहेत, हे मी आजही पाहुण्यांना सांगते. भिंतीला टेकलेले पाहुणे लगेच सरळ होतात.

रांगेतलं पश्चिमेच्या टोकाचं घर मास्तरांनी बांधायला सगळ्यांत शेवटी घेतलं. वारा आमच्याकडे पश्चिमेचा, त्यामुळे त्या घरात शेजारच्या कुणाच्या चुलीचा धूर येणं शक्य नव्हतं. नकाशात त्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकी नव्हती. मास्तरांनी पुंजारामला सांगून भली मोठी दोन दारांची खिडकी काढली. कौलांखाली आरपार जाळ्या ठेवल्या. आणि चूल स्वयंपाकाच्या खोलीतून उचलून मागच्या पडवीत नेली, म्हणजे धूर घरात शिरायलाच नको. हे काय चाललंय म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, "हे नमुना घर आहे."

"नमुना बाकीच्या अकरांना दाखवणार कधी?" शमुवेल म्हणाले. "ती तर बांधून झाली."

सगळ्यांना सगळं कळत होतं. पदराने नाकतोंड बांधून दीनाबाई आमच्याबरोबर घमेली उचलायची, मधेच खाली बसायची, ते सगळे पाहत होते. त्यामुळे कुणी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, चिठ्ठी कुणाची निघेल ते ठाऊक नाही ना?"

"चिठ्ठी देवाच्या हातात, मार्थाबाई."

"मग ती खिडकी एकाच घराला का?"

मास्तरांना एकदम वाळूचा ढीग पाहायची आठवण झाली.

चिठ्ठ्या निघाल्या त्र्याहत्तरच्या माघात, उपासना मंदिराच्या ओसरीवर. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि डब्यात हात घातला. मास्तर उभेच होते. खांबापासून दारापर्यंत आणि दारापासून खांबापर्यंत त्यांची फेरी चालली होती. त्यांना निघालं रांगेतलं अगदी मधलं घर. पुढे बऱ्याच वेळाने पाळकसाहेबांनी वाचलं, "टोकाचं घर, मार्था पाटोळे."

पहिली टाळी मास्तरांनी वाजवली. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी त्यांचा राग आला. तोंडावरचा रंग उडालेला, हात टाळ्या वाजवताहेत, असं माणसाने करू नये.

आम्ही राहायला गेलो आणि सगळा गाव मला शहाणपण शिकवायला लागला. कुणी म्हणे, तुम्हाला एकटीला काय, कुठलंही घर चालेल. कुणी म्हणे, नियम काय माणसापेक्षा मोठा आहे का? मी म्हणायची, ज्याला हवं आहे त्याला तोंड आहे, त्याने मागावं. मागितलं असतं तर मी दिलं असतं की नाही, कोण जाणे. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींमध्ये काढली होती. त्या खिडकीत उभं राहिलं की थेट माळाच्या शेवटापर्यंत दिसायचं, आणि ती उघडायला, मिटायला मला कुणाला विचारावं लागत नव्हतं. मला ती सोडवत नव्हती.

मास्तर मागत नव्हते. टेबलावर आपटलेला हात त्यांचाच होता, मागणार कोणत्या तोंडाने? पण दिवसातून चारदा घरावरून जायचे. कधी बिजागरीला तेल घालू का म्हणून यायचे, कधी खिडकीचं दार वाऱ्याने आपटतं का म्हणून. मधल्या घरात दीनाबाईचे हाल चालले होते. पश्चिमेकडच्या पाच चुलींचा धूर वाऱ्याबरोबर सरळ त्यांच्या घरात. खाट ओढल्याचा आवाज आता माझ्यापर्यंत पोचत नव्हता, पण पाचव्या घरातल्या बाई सांगायच्या, की मास्तर दिवसभर काही ना काही सरकवत असतात.

चैत्रातल्या एका दुपारी दीनाबाई स्वतःच माझ्या ओट्यापाशी आली. काखेत वाकळ, श्वासाची शिट्टी वाजत होती.

"बाई, जरा टेकू का हितं? लई धूर झालाय तिकडं."

मी तिला आत घेतलं आणि खिडकीखाली वाकळ घातली. ती पडली. थोड्या वेळाने शिट्टी बारीक झाली, मग थांबली, आणि ती बाई अंधार पडेपर्यंत गाढ झोपली. मी पेपर तपासत बसले होते. मास्तर धावत आले तेव्हा ती उठून चहा पीत होती.

मास्तरांचा चेहरा मी विसरणार नाही. ते तिच्याकडे पाहत राहिले, मग खिडकीकडे, मग जाळ्यांकडे. "बघा! लागू पडलं की नाही? मी म्हणत नव्हतो?" मुलाने बक्षीस मिळवावं तसा आनंद. मी म्हटलं, राहू दे तिला आजची रात्र. ती राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. मग मीच म्हटलं, अदलाबदल नियमात बसत नाही, पण पाहुणा किती दिवस ठेवायचा हे काही नियमात लिहिलेलं नाही. दीनाबाईने तिची पेटी आणली.

तिच्याबरोबर राहणं सोपं होतं. मी शाळेत जायची, ती पडवीत स्वयंपाक करायची, संध्याकाळी आम्ही दोघी रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसायचो. ती माहेरच्या गोष्टी सांगायची, प्रवरेच्या वाळवंटातल्या टरबुजांच्या, भावांच्या. मला वाटायचं, ही बाई कमी बोलते असं मी कशावरून ठरवलं होतं?

मास्तर दिवसातून कितीदा यायचे ते विचारू नका. आले की आधी तिच्याकडे टक लावून बघायचे, मग विचारायचे, "कसं आहे?" ते आले की तिचं बोलणं थांबायचं. कधी कधी तिला खोकलाही सुटायचा. मी म्हणायची, मास्तरांच्या फेऱ्यांनी धूळ उडते.

त्यांना मात्र आता खात्री पटली होती, की सगळा खेळ घराचा आहे. घर बदलता येत नाही, तर घरच बदलायचं. त्यांनी संस्थेची सभा घेतली आणि सांगितलं, बाराही घरांच्या चुली मागच्या पडवीत न्यायच्या, सगळ्या कौलांखाली जाळ्या बसवायच्या. एकही हात विरोधात गेला नाही. दीनाबाईचा फरक सगळ्यांनी पाहिला होता, आणि धुराने डोळे सगळ्यांचेच चुरचुरत होते. पुन्हा शनिवारची घमेली सुरू झाली. मास्तरांनी स्वतःच्या घराची पुढची भिंत फोडली आणि तिथे माझ्यासारखीच दोन दारांची खिडकी बसवली. छिन्नीने त्यांचे हात सोलवटले. शाळा सुटली की तडक भिंतीपाशी. उन्हाळा संपता संपता ते काम पुरं झालं, आणि खरं सांगते, आमची सगळी रांगच सुधारली. घराघरांतल्या बायका मोकळा श्वास घेऊ लागल्या, पोरांचे खोकले कमी झाले. हे पुण्य मास्तरांच्याच पदरात घालायला हवं.

धुवट कोट घालून ते दीनाबाईला न्यायला आले. "चल, घर तयार आहे. वारा आपल्याकडं बाईंच्या घरापेक्षा जास्त आहे. मी शमुवेलला आत बसवून बिडी ओढायला लावली. धूर सरळ जाळीतून बाहेर जातो."

ती गेली. जाताना पेटी मात्र तिने माझ्याकडेच ठेवली. उद्या नेते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर ती माझ्या ओट्यावर, दाराला पाठ लावून. शिट्टी रस्त्यावरून ऐकू येत होती. चेहरा काळवंडलेला. मी कुलूप काढलं, तिला आत नेलं, गरम पाणी दिलं. ती खिडकीखाली पडली आणि तासाभरात श्वास सरळ झाला.

मास्तर संध्याकाळी आले. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, पुढ्यात सुपात मिलो. ते आमच्यासमोर उभे राहिले आणि मला वाटलं, आता हा माणूस रडणार.

"काय राहिलं, सांग," ते म्हणाले. "खिडकी केली. चूल बाहेर नेली. जाळ्या केल्या. अजून काय पाडू? सांग, मी पाडतो."

दीनाबाईने सूप बाजूला ठेवलं.

"अवो, घराला काय बी झालं न्हाई. घर चांगलं हाय."

"मग?"

मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला आणि मला बसवलं. मग ती नवऱ्याकडे न बघता बोलली.

"तुमी माझ्याकडं बघत बसता."

मास्तरांना कळलं नाही. मलाही नाही.

"रातच्याला जाग आली की तुमी बसल्याले. दिवा बारीक करून, माझ्या छातीकडं बघत. खाली-वर हुतीया का न्हाई ते बघत. सकाळी उठले तरी बघता. पानी प्याले तरी बघता. आता अडकंल, आता अडकंल, आसं तुमच्या तोंडावर मला दिसतं, आन् मग अडकतं. ईस वर्सं झाली. हितं बाई पेपर तपासत बसत्यात. त्या माझ्याकडं बघत न्हाईत, म्हनून मला झोप लागती."

मास्तर इतका वेळ एका जागी उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. शेजारच्या घरातून कुणीतरी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. आपल्या सोलवटलेल्या हातांकडे बघत राहिले.

"मला भीती वाटते, दीना," ते म्हणाले.

"ठावं हाय मला."

"मग बघणार नाही मी."

"तुमाला जमायचं न्हाई."

ते ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले, तोंड माळाकडे आणि पाठ आमच्याकडे करून. दीनाबाईने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि ती मिलो निवडायला लागली. मास्तरांची मान दोनदा वळायला आली, दोन्ही वेळा त्यांनी ती आवरली. गुडघ्यांवर हात घट्ट दाबून बसले होते, कोट पाठीवर ताणलेला. थोड्या वेळाने त्यांनी न वळताच विचारलं, "टरबुजं कुठली चांगली म्हणत होतीस परवा, टोका गावची की प्रवरासंगमची?" आणि ती सांगू लागली. सावकाश, मधेमधे थांबत, पण सांगत राहिली.

मी शेजारी बसून ऐकत होते. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी टरबुजांचं काही ऐकतच नाहीये. तिच्या दोन शब्दांच्या मध्ये श्वास नीट येतोय का, ते मी ऐकत होते. मी उठले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.